बाकावर बसून पाय तयार होत नाहीत



शिळफाटा म्हटले की पुष्कळांना कल्याणकडचा शिळफाटा आठवतो. आम्ही म्हणतो तो खोपोलीचा शिळफाटा, खालापूर तालुक्यातला, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा, बोरघाटाच्या पायथ्याचा. इथल्या मातीचा खेळ कबड्डी, यात वाद नाही. पण भातकापणी झाली की रिकाम्या खाचरांत हल्ली कबड्डीच्या रेघांशेजारी दोन दोन दगड ठेवलेले दिसतात. ते फुटबॉलचे गोल. घरात टीव्ही आला, मग हातात मोबाईल आला, आणि मेस्सी-रोनाल्डो कर्जत-खालापूरच्या वाड्या-वस्त्यांत येऊन पोहोचले. पोरे खेळू लागली. आणि पोरे खेळू लागली की घरात नवे प्रश्नही येतात.

त्यातला एक प्रश्न आम्ही या वेळी घेतला आहे. पोरगा अंगाने किरकोळ, पण पायात कसब आहे. निवड चाचणीत तो उठून दिसतो, मोठ्या नावाचा क्लब त्याला घेतो, वस्तीत पेढे वाटले जातात. मग महिने जातात. सराव रोज असतो, सामन्याच्या दिवशी अंगावर क्लबाची जर्सीही असते, पण पोरगा बाकावर. का, तर ही लीग दणकट आहे, इथे धक्के सोसणारा गडी लागतो, तू आधी अंगाने भर. दुसरीकडे एखादा लहान क्लब म्हणतो, आमच्याकडे ये, आम्ही तुला प्रत्येक सामन्यात खेळवतो. पोराला जायचे असते. घर म्हणते, थांब.

घर थांब का म्हणते, हे आधी समजून घेतले पाहिजे. ते अडाणीपणाने म्हणत नाही. खोपोलीच्या आसपासच्या कारखान्यांत आपल्या माणसांनी उभे आयुष्य काढले आहे. ठेकेदाराचा माणूस, मग बदली कामगार, मग टेंपरवारी, आणि नशीब असेल तर पर्मनंट, ही शिडी प्रत्येक घराला पाठ आहे. २४० दिवस भरायच्या आत ब्रेक कसा मिळतो आणि ब्रेक मिळूनही गेटवर पुन्हा कसे उभे राहायचे, हेही पाठ आहे. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यानेसुद्धा पाच वर्षांची सलग नोकरी मागितली. म्हणजे जो चिकटून राहिला त्याला काहीतरी मिळाले, आणि जो रागाने गेट सोडून गेला तो पुन्हा शिडीच्या तळाला आला. असा अनुभव गाठीशी असलेला बाप पोराला "नाव मोठे आहे, दम काढ" असे सांगतो, तेव्हा तो आपल्या आयुष्यातले सगळ्यात खरे वाक्य सांगत असतो.

पण फुटबॉलचे गेट निराळे आहे. कारखान्यात थांबलेली वर्षे खात्यावर जमा होतात. त्याला सेवाज्येष्ठता म्हणतात. फुटबॉलात बाकावर बसलेली वर्षे खात्यातून वजा होतात. अठरा ते तेवीस या वयात पाय, डोळे आणि डोके यांची जी गाठ बसायची ती सामन्यात बसते, सरावात नाही. सरावात समोरचा आपलाच गडी असतो, तो जीव खाऊन अंगावर येत नाही. चेंडू पायात येण्याआधी मान वळवून बघणे, दोन गड्यांच्या मधली फट उघडायच्या आधी ओळखणे, दमल्यावर ऐंशीव्या मिनिटाला अचूक पास देणे, हे सामना खेळूनच येते. ज्यांच्या घरी भातशेती आहे त्यांना आणखी सांगायला नको. राबातले रोप वेळेवर लावणीला गेले तर त्याला फुटवे येतात. राबातच ठेवले तर ते उंच दिसते, हिरवे दिसते, पण लावणी उशिरा झाली की फुटवा कमी. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने कितीही चांगले वाण काढले तरी हा हिशेब चुकत नाही.

जाता जाता एक शब्द. बाकावरच्या गड्याला मराठीत राखीव खेळाडू म्हणतात. आपल्या कानाला हा शब्द वेगळा लागतो. आपल्याकडे राखीव म्हणजे आत जाण्याची हक्काची वाट. मैदानावर मात्र राखीव म्हणजे आतले कुणी बाहेर येईपर्यंत ताटकळत राहणारा. एकच शब्द, दोन टोके. फुटबॉलात पूर्वी एका सामन्यात तीनच बदली गडी उतरवता येत. २०२० मध्ये करोनाच्या काळात ती संख्या पाच केली आणि २०२२ मध्ये पाचाचा नियम कायम झाला. त्यामुळे बाकावरच्यांना थोडा वाव मिळाला, पण शेवटची दहा मिनिटे म्हणजे खेळणे नव्हे, हे खेळणाराच जाणतो.

आता उदाहरण घेऊ. परक्याचे कशाला, आपल्या देशाच्या माजी फुटबॉल कर्णधाराचेच घेऊ. सुनील छेत्री. जन्म १९८४ चा, सिकंदराबादचा. वडील लष्करात नोकरीला, आई आणि मावशी नेपाळच्या महिला संघातून खेळलेल्या. उंची पाच फूट सात इंचांच्या आसपास, म्हणजे आपल्या पोरांसारखीच. कलकत्त्याच्या मोहन बागानमध्ये २००२ साली सुरुवात, मग पंजाबातल्या फगवाड्याचा जेसीटी, मग ईस्ट बंगाल, मग गोव्याचा डेम्पो. ऑगस्ट २००८ मध्ये दिल्लीत एएफसी चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात त्याने ताजिकिस्तानवर तीन गोल केले आणि भारत आशियाई चषकाला पात्र ठरला. २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबाने त्याला घ्यायचे ठरवले. तिथे इंग्रज सरकारचा कामाचा परवाना आडवा आला. देशाचा संघ जागतिक क्रमवारीत पहिल्या सत्तरात नाही, म्हणून गड्याला परवाना नाही. गडी चांगला की वाईट हा प्रश्नच नव्हता, तो कुठून आला हा प्रश्न होता. आमच्या वाचकांना ही पद्धत अनोळखी वाटणार नाही.

मार्च २०१० मध्ये तो अमेरिकेत गेला, कॅन्सस सिटी विझार्ड्स या क्लबात. अमेरिकेतली मेजर लीग सॉकर ही अंगाच्या खेळाची लीग समजली जाते. धावणे फार, टक्कर फार, गडी उंचेपुरे. तिथे छेत्रीला काय मिळाले? एप्रिलमध्ये यू. एस. ओपन कपच्या पात्रता फेरीत कोलोरॅडो रॅपिड्सविरुद्ध एक संधी मिळाली. जुलैमध्ये मँचेस्टर युनायटेड संघ तिकडे दौऱ्यावर आला, त्या मैत्रीच्या सामन्यात तो बदली म्हणून उतरला आणि कॅन्ससने तो सामना २-१ ने जिंकला. फोटो छापून आले, आपल्याकडे कौतुक झाले. पण ज्या लीगसाठी गेला त्या लीगचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. एकही नाही. आशियाई चषकाच्या तयारीसाठी तो भारतीय संघाच्या शिबिरात आला आणि त्याचे अमेरिकेचे पर्व तिथेच संपले. जानेवारी २०११ मध्ये कतारला आशियाई चषक झाला. तिथे त्याने बहारीन आणि दक्षिण कोरिया या दोन संघांवर गोल केले. ज्याला अमेरिकेत लीगचा एक सामना मिळाला नाही, तोच गडी आशियातल्या तगड्या संघांवर गोल करत होता.

मग तो भारतात खेळला आणि २०१२ मध्ये पुन्हा बाहेर पडला. या वेळी पोर्तुगाल, लिस्बनचा स्पोर्टिंग क्लब. हा क्लब म्हणजे रोनाल्डो जिथे घडला तो. नाव केवढे! छेत्रीला तिथे दुसऱ्या फळीच्या संघात ठेवले आणि त्या संघाकडून त्याला तीन सामने मिळाले. फेब्रुवारी २०१३ मध्ये तो उसना खेळाडू म्हणून गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे आला. लिस्बनहून मडगाव. लोक काय म्हणाले असतील याची कल्पना करा. पोरगा परदेशात टिकला नाही, परत आला, आता काय उरले. आपल्या वस्तीतसुद्धा दुबईहून सहा महिन्यांत परतलेल्या माणसाला चार लोक काय बोलतात ते ठाऊक आहेच.

काय उरले ते पुढे दिसले. त्याच हंगामात चर्चिल ब्रदर्सने आय-लीग जिंकली. त्याच वर्षी बेंगळुरूला नवा क्लब निघाला, छेत्री त्याचा कर्णधार झाला आणि पहिल्याच हंगामात, २०१३-१४ मध्ये, त्या क्लबाने आय-लीगचे विजेतेपद घेतले. मग पुढची दहाएक वर्षे तो आठवड्यामागून आठवडे खेळत राहिला. जून २०२४ मध्ये कलकत्त्यात कुवेतविरुद्ध त्याने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला तेव्हा त्याच्या नावावर ९४ आंतरराष्ट्रीय गोल होते. मार्च २०२५ मध्ये संघाने पुन्हा बोलावले तेव्हा चाळिशीतल्या या गड्याने आणखी एक गोल केला. लिस्बनच्या बाकावर तो आणखी दोन वर्षे बसला असता तर यातले किती झाले असते, हे कुणी सांगू शकत नाही. आमचे मत विचाराल तर फार थोडे.

याचा अर्थ परदेशी जाऊ नये असा कुणी काढू नये. छेत्री गेला हे चांगले केले आणि परत आला हेही चांगले केले. जाणे आणि परतणे ही दोन वेगळी कामे आहेत. दोन्हीला हिंमत लागते. आपल्याकडे पहिल्या हिंमतीला हार घालतात आणि दुसरीला नाक मुरडतात.

परदेशातलेही एक उदाहरण देतो. जपानचा शिंजी कागावा. जर्मनीत बोरुसिया डॉर्टमुंडकडून खेळताना २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने लीग जिंकली. चेंडू त्याच्या पायाला चिकटल्यासारखा असायचा. २०१२ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याला नेले. इंग्लंडची लीग म्हणजे वेग आणि अंगाला अंग. पहिल्या वर्षी त्याने एका सामन्यात तीन गोल केले, त्या लीगमध्ये अशी कामगिरी करणारा तो पहिला आशियाई, आणि संघही विजेता झाला. दुसऱ्या वर्षी प्रशिक्षक बदलला आणि कागावा बाजूला पडू लागला. त्या हंगामात लीगमध्ये त्याचा एकही गोल नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये तो डॉर्टमुंडला परत गेला. परत गेल्यावर तो लगेच पूर्वीसारखा चमकला असेही नाही. पण खेळला, आणि २०१७ मध्ये जर्मन चषक जिंकणाऱ्या संघात होता. परतणे म्हणजे जादूची कांडी नव्हे, एवढे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण लहान क्लबात गेल्यावर पहिल्या महिन्यात पोरगा गोलांचा पाऊस पाडेल अशी आशा धरणारेही आई-बाप असतात.

आपल्या मराठी वाचकाला फुटबॉलपेक्षा क्रिकेट जवळचे. तिथेही हेच चालते. अर्जुन तेंडुलकर मुंबई सोडून २०२२ मध्ये गोव्याकडे गेला. मुंबईच्या मोठ्यांच्या संघाकडून त्याला २०२१ मध्ये दोनच ट्वेंटी-ट्वेंटी सामने मिळाले होते. जास्त खेळायला मिळावे म्हणून जातो, असेच तेव्हा सांगितले गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रणजीच्या पहिल्याच सामन्यात त्याने राजस्थानविरुद्ध १२० धावा केल्या. त्याच्या वडिलांनीही १९८८ मध्ये रणजीच्या पहिल्या सामन्यात शतक केले होते, पण ते मुंबईकडून. वडिलांच्या नावाने ज्याला कुठलेही दार उघडते तो मुलगासुद्धा खेळायला मिळावे म्हणून आपले शहर सोडतो, तर आपल्या पोराने क्लब बदलला म्हणून त्यात लाजण्यासारखे काय आहे? फरक एवढाच, की त्याच्या घराला पडण्याची भीती नाही. आपल्या घराला आहे. म्हणून आपण चार गोष्टी जास्त तपासायच्या.

पहिली आणि सर्वात मोठी गोष्ट ही, की पोराला बाहेर का बसवले जाते. त्याचे अंग लीगला पुरत नाही म्हणून, त्याच्या जागी दुसरा खरोखर चांगला आहे म्हणून, की त्याचे आडनाव आणि पत्ता काहींना रुचत नाही म्हणून? ही कारणे एकाच पिशवीत भरू नयेत.

पळवणकर बाळूंची कथा इथे सांगितलीच पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुण्याच्या इंग्रजांच्या क्लबात ते मैदान झाडण्या-सांभाळण्याचे काम करीत आणि साहेबांना तासन् तास नेटमध्ये चेंडू टाकीत. डावखुरी फिरकी अशी की साहेबाला चेंडू दिसतच नसे. पण त्यांच्या हातात बॅट कुणी दिली नाही. बॅट हे साहेबाचे काम. हिंदू क्लबाने त्यांना गोलंदाज म्हणून घेतले, कारण जिंकायचे होते. पण चहाच्या वेळी त्यांचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात, तंबूत नाही. पुढे ते मुंबईला आले आणि त्यांचे नाव झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० मध्ये त्यांना संघातून वगळले तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. बाळू पुढे राजकारणात बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि १९३७ च्या निवडणुकीत हरले, हे आपले वाचक जाणतात. तो हिशेब वेगळा. मैदानावरचे त्यांचे मोल त्याने कमी होत नाही, असे आमचे मत आहे.

बाळू बाहेर ठेवले गेले ते अंग कमी पडले म्हणून नव्हे. अशा वेळी नुसते दुसऱ्या क्लबात जाऊन भागत नाही, बोलावे लागते, भाऊ लागतात, संघातले सोबती लागतात. छेत्रीचा प्रश्न निराळा होता. तिथे लीगचा साचा एक आणि गड्याचा घाट दुसरा. साच्यात बसत नसेल तर दुसरे मैदान शोधणे हे शहाणपण, त्यात निषेध करण्यासारखे काही नाही. प्रशिक्षकाने पोराला खेळवले नाही की लगेच जातीवर जाणे जसे बरे नव्हे, तसेच उघड दिसत असताना "असेल काहीतरी" म्हणून डोळे मिटणेही बरे नव्हे. चार-पाच सामने स्वतः जाऊन पाहावेत. पोराच्या जागी खेळणारा कसा खेळतो ते पाहावे. बाकावर आणखी कोण कोण बसले आहे तेही पाहावे. उत्तर बहुधा तिथेच मिळते.

दुसरी गोष्ट कागदांची. क्लब बदलणे म्हणजे बॅग उचलून निघणे नव्हे. नोंदणी एका क्लबाकडे असते, ती हलवावी लागते. वर्षातून ठरलेल्या दोनच मुदतींत ती हलते. जागतिक महासंघ फिफाच्या नियमाप्रमाणे एका हंगामात तीन क्लबांपर्यंत नोंदणी करता येते, पण खेळता येते साधारणपणे दोनच क्लबांकडून. म्हणजे रागाच्या भरात दोनदा उडी मारली तर तिसऱ्यांदा हंगामभर घरी बसायची पाळी. करार चालू असेल तर उसना जाण्याची सोय असते. शेजारणीकडे वाटीभर साखर उसनी द्यावी तसा क्लब आपला गडी काही महिन्यांसाठी दुसऱ्याला देतो. साखर परत येताना तेवढीच येते. गडी मात्र खेळून, वाढून परत येतो. पोराला आणि घराला धोका सर्वात कमी असेल तर या वाटेत. म्हणून करार तोडण्याची भाषा करण्याआधी क्लबाकडे उसने पाठवण्याची मागणी करावी, आणि तीही लेखी.

फिफाच्या नियमांत एक गंमतीची तरतूद आहे. मुरलेला व्यावसायिक खेळाडू आपल्या क्लबाच्या हंगामातल्या अधिकृत सामन्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी सामन्यांत उतरला असेल, तर खेळाच्या रास्त कारणाखाली तो करार मुदतीआधी संपवू शकतो. त्यासाठी हंगामातल्या शेवटच्या अधिकृत सामन्यानंतर पंधरा दिवसांच्या आत पाऊल उचलावे लागते आणि प्रत्येक प्रकरण वेगळे तपासले जाते. आपल्या अठरा वर्षांच्या पोराला हा नियम लागू पडेल असे नाही, कारण तो अजून मुरलेला ठरत नाही. पण तरतुदीत जे मान्य केले आहे ते महत्त्वाचे. पगार वेळेवर मिळतो म्हणून खेळाडूची तक्रार संपली, असे जगाचा फुटबॉल महासंघही मानत नाही. खेळायला मिळणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे. आपल्या कामगार चळवळीला हे पटायला वेळ लागू नये.

आणखी एक. बारा ते तेवीस या वयात ज्या ज्या क्लबाने पोराला शिकवले, त्या सर्वांना पुढे त्याची परदेशी विक्री झाली तर रकमेच्या पाच टक्क्यांतून वाटा मिळतो. म्हणून गावातल्या मंडळानेही संघाची रीतसर नोंदणी करावी. वहीत नावे लिहून ठेवली म्हणजे नोंदणी झाली असे नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. मोठ्या क्लबात बाकावर बसूनही चार पैसे मिळतात, लहान क्लबात खेळून कधी कधी बसभाडेही सुटत नाही. घरात पगार थकलेला असताना आईने पोराला काय सांगावे? आम्ही इथे शहाणपण शिकवणार नाही. फक्त एवढेच ध्यानात आणून देतो, की मोठे नाव म्हणजे कायमचा आधार नव्हे. मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता. त्याच्या मालकांनी २०१० मध्ये संघच बंद केला. छेत्री ज्या जेसीटीत खेळला तो क्लब २०११ मध्ये गेला. २०१६ मध्ये गोव्याचे डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. २०२५ मध्ये तर इंडियन सुपर लीगचा हंगामच अडकून पडला आणि नावाजलेले खेळाडू महिनोन् महिने सामन्यांवाचून राहिले. गिरणी बंद होताना पाहिलेल्या पिढीला टाळे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. टाळे लागते त्या दिवशी दुसऱ्या दारावर काय दाखवायचे, तर खेळलेले सामने. बाकावरचे दिवस दाखवता येत नाहीत.

सरकारी नोकरीत आपल्या राज्यात खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. तिथेही स्पर्धा, पातळी आणि पदक विचारले जाते, क्लबाचे नाव कितपत मोठे होते ते नाही. दहावी-बारावीची गुणपत्रिकाही तिथे लागतेच. म्हणून क्लब बदलताना नवे मैदान शाळा-कॉलेजपासून किती लांब आहे हे आधी बघा. खोपोलीहून मुंबईला लोकलने जायला अडीच तास कुठे गेले नाहीत, आणि कर्जत-खोपोली मार्गावर गाड्या मोजक्या. रोज जाऊन-येऊन पाच तास गाडीत घालवणारा पोरगा अंगाने भरणार कधी?

अंगाने भरण्याचे म्हटले, तर प्रशिक्षकाचे ते म्हणणे अगदी खोटेही नसते. आपल्याकडे पावसाळ्यात मैदान म्हणजे चिखल. चेंडू घरंगळत नाही, रुततो. तिथे कसबापेक्षा ताकद चालते आणि छोटा गडी हरवल्यासारखा होतो. लहान क्लबात गेला तरी चिखल चुकत नाही आणि धक्काही चुकत नाही. खांद्याला खांदा लावून चेंडू मिळवणे हे नियमात बसते, त्याला फाऊल म्हणून रडता येत नाही. तेव्हा अंडी, डाळ, कडधान्य, झोप आणि नेमाचा व्यायाम हे कुठेही गेले तरी करावेच लागणार. बारकी पोरे काही वेळा उशिरा उंच होतात, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले असते. पंधराव्या वर्षी "हा अंगाने बसत नाही" असा शिक्का मारणाऱ्याचे फार मनावर घेऊ नये.

हे सारे मुलींनाही लागू आहे. जानेवारी २०१७ पासून मुलींची राष्ट्रीय लीग सुरू झाली आहे आणि आपल्या भागातल्या मुली हाफ पँट घालून मैदानात उतरू लागल्या आहेत. मुलगी बाकावर बसते म्हटल्यावर घरचे पटकन म्हणतात, मग सोडूनच दे खेळ. मुलाला दुसरा क्लब शोधतात आणि मुलीला घरी बसवतात. हे आम्हाला मान्य नाही. तिलाही दुसरा क्लब शोधावा.

आता एक साधे काम. एक वही घ्या. पोराला किंवा पोरीला सांगा, प्रत्येक सामन्याची तारीख, कोणाविरुद्ध, कोणत्या मैदानावर, किती मिनिटे खेळलो आणि कुठल्या जागेवर, एवढे लिहीत जा. गोल लिहिले नाहीत तरी चालतील, मिनिटे लिहा. खाली प्रशिक्षकाची किंवा संघ व्यवस्थापकाची सही घ्या, द्यायला कुणी नाही म्हणत नाही. तीन महिन्यांनी वही उघडून बेरीज करा आणि मग क्लबाच्या माणसाशी बोलायला जा. जाताना पोराला बरोबर घेऊन जा आणि आधी त्यालाच बोलू द्या.